पूजेला बसलेले शॉकअप

माझ्या सासऱ्यांचा मणका माझ्या गाडीनं सरकवला, असं त्यांचं म्हणणं आहे. (डॉक्टर म्हणाले, वयानं सरकला. पण डॉक्टरांना त्यांनी लेक दिलेली नाही, मला दिलीय. त्यामुळं दोष माझ्याकडं.)

गाडी चौदा वर्षांची. मागचे दोन्ही शॉकअप, म्हणजे रस्त्याचे दणके गिळणारी ती नळकांडी, कधीच थकली होती. दणका गिळायचं सोडाच, पदरचे दोन-चार घालून वर पाठवायची! गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या येरमाळ्याहून आमच्या बेंबळीला येताना मामांनी (सासऱ्यांना मी मामाच म्हणतो) वाटेत तीनदा देवीचा धावा केला आणि उतरल्या उतरल्या दारातच जाहीर केलं, "पाव्हणं, ही गाडी नीट झाल्याबिगर म्या तुमच्या घरी येणार न्हाय!"

यंदा दसऱ्याला त्यांना आणायचंच, असं सुनंदानं ठरवलं. सुनंदा माझी बायको. तिनं ठरवलं म्हणजे मी ठरवलं. सरळ मिस्त्रीकडं गाडी टाकायची सोडून मला कुठून अवदसा आठवली कोण जाणे! मोबाईलमध्ये एक मिशीवाला माणूस अकरा मिनिटांत शॉकअप बदलत होता. मी शाळेत गणित शिकवतो. त्याला अकरा, तर मला बावीस. अठरा पान्यांचा संच आणला, जॅक आणला, नवे शॉकअप आणले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी अंगणात गाडी ओंडक्यांवर चढवली आणि मागची चाकं काढली. पहिल्याच नटानं माझ्याशी वैर धरलं. त्याच्यावर डिझेल ओतलं, हातोडा घातला, पान्यावर उभा राहिलो, शेवटी पान्यावर नाचलो! बावीस मिनिटं संपली तेव्हा मी नाचतच होतो. दुपारी एकला दोन्ही जुने शॉकअप निघाले; माझेही खांदे निघायच्या बेतात होते. कशीबशी भाकरी पोटात ढकलली आणि 'पाचच मिनिटं' म्हणून आडवा झालो.

उठलो तर चार! अंगणात गाडी होती, चाकं होती. पाने मात्र गायब. हातोडा, जॅक, नवे शॉकअप, सगळंच गायब.

"आई, माझी हत्यारं कुठंयत?"

"देवापुढं."

देवघरापुढच्या पाटावर अठरा पाने उंचीप्रमाणं निजवले होते. राखेनं घासलेले, हळदीकुंकू वाहिलेले. मधोमध नवे शॉकअप, गळ्यात झेंडूच्या माळा, नवरा-नवरीसारखे उभे! खंडेनवमी! हत्यारांच्या पूजेचा दिवस! आणि मी गणिताचा मास्तर, मला नऊपर्यंत मोजता आलं नाही.

"दरसाली एक विळा आन् एक अडकित्ता मांडत होते बघ," आई डोळे पुसत म्हणाली. "अवंदा घर कसं भरल्यावाणी दिसतंय!"

"आई, एकच पाना दे. चौदा नंबरचा. अर्ध्या तासात परत ठिवतो."

"पूजेला बसलेलं हत्यार उठवतूस व्हय? उद्या दुपारी निवद झाल्यावर. तवर हात लावून तर बघ!"

"अगं, मामांना सकाळी आणायचंय!"

"मग त्यांनाच इचार, नवमीची हत्यारं उठवू का म्हणून!"

मिस्त्रीकडं पळालो. तो नवा सदरा घालून अगरबत्ती ओवाळत होता. "सर, माझे बी बसलेत." शेजारच्या दत्तूभाऊंना विचारलं. "पान्याचं काय घेऊन बसलात? माझा ट्रॅक्टरच बसलाय!" सुताराचे बसलेले, लोहाराचे बसलेले, पंपवाल्याचे बसलेले. अख्ख्या बेंबळीत अजून टेकलेला नाही असा मी एकटाच!

घरी आलो तर सुनंदानं माहेरी फोन लावलेला. मी डोळे मिटून घेतले.

"अप्पा, यांनी गाडी खोलून ठेवलीय... व्हय, स्वतःच... न्हाय, आता जुळत न्हाय." मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. फोन ठेवून माझ्याकडं वळली. "अप्पा म्हणाले, जावयानं माझ्या पाठीसाठी एवढा जीव काढला, मग मी न येऊन कसं भागंल? बसनं येतेत."

आणि आले! नवरात्रातली बस, तिच्यात मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. येरमाळ्यापासून धाराशिवपर्यंत मामा उभे, एका पायावर. पुढं काळीपिवळी जीपमध्ये मागच्या फळीवर अर्धे आत, अर्धे लटकत. दसऱ्याच्या दिवशी सकाळी दहाला दारात उतरले, तेव्हा विळ्यासारखे वाकले होते. ज्या पाठीसाठी मी खटाटोप केला, तिची जी काय वाट लागायची, ती माझ्याच खटाटोपानं लागली होती!

"पाव्हणं," मामा कण्हले, "बोलू नका. पाठ टेकू द्या आधी कुठंतरी."

अंगणात सगळ्यात जवळ गाडीच होती. आईनं बॉनेटलाही हार घातलेला. मामांनी मागचं दार उघडलं, सीटवर अंग टाकलं आणि डोळे मिटले. मी शेजारी हात जोडून उभा. दोनच मिनिटांत आतून घोरणं सुरू झालं.

बारा वाजता मामा उठले. खाली उतरले. पाठ हळूच ताठ करून बघितली. पुन्हा बघितली. चेहरा उजळला.

"वा, पाव्हणं! लई झकास केली गाडी. एक दणका न्हाय लागला! आता एकच करा, चाकं तेवढी लावू नका."

लग्नाला एकोणीस वर्षं झाली. सासऱ्यांनी माझ्या हातच्या कामाला दिलेली ही पहिली शाबासकी, आणि तोवर मी एकही नट आवळलेला नव्हता!