पंधरा तांबे पाणी

आचारी होऊ पाहणाऱ्यांना सल्ला द्यायचा मला पुरेपूर अधिकार आहे. चाळीस माणसांची वांग्याची भाजी मी एकट्याने बुडवली आहे.

पौषातला रविवार, शेलूबाजारजवळचं आमचं शेत, मारुतीपुढे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेल्या रोडग्यांचं जेवण. मंजूर खर्च चार हजार. हजर, भावकी आणि शेजारी मिळून चाळीस. आमच्या पल्लवीला अमरावतीला जाऊन स्वयंपाकाचं रीतसर शिक्षण घ्यायचं होतं. मी अट घातली : आजची भाजी तिने करायची, आणि लोकांनी ती दुसऱ्यांदा मागितली, तर फी भरीन.

परीक्षा तिची होती. मी गप्प बसायला हवं होतं. पण पातेलं मला कोरडं दिसलं. (हिशेबी माणसाला दुसऱ्याची बेरीज पाहवत नाही!)

"बाबा, पानी नका टाकू! वांगं सोताच पानी सोडते."

"घरी चौघांले दीड तांब्या लागते. चाळीसांले पंधरा. सरळ गणित हाय!"

"वांग्याले गणित येते काय?"

तोवर चौदा ओतून झाले होते. पंधरावा मी तत्त्वासाठी ओतला. तळ्यात म्हशी डुंबाव्यात तशी वांगी तरंगू लागली!

"चाखून पाह्य ना व, पोरी," बायको घाबरली.

"कशी चाखू, आई? मारुतीचा निवद व्हायचा हाय."

पल्लवी आता रडणार, असं मला वाटलं. तिने दहा-बारा वांगी काढून ठेचली आणि परत सोडली. शेजारच्या वावरातल्या देवकाबाईंकडून शेंगदाणे आणले, भाजले, कुटून घातले. मग आच वाढवून, डोळे मिटून पातेल्याशी बसली.

"काय करून राह्यली?"

"आयकून राह्यली. पातळ रस्सा खळखळ करते, घट्ट झाला का आवाज जड होते. तुमी बोलू नका, मले आयकू येत नाही!"

इतकी वर्षं जेवतो आहे, पण पातेलं बोलतं हे मला ठाऊक नव्हतं. प्रमाण कुठेही लिहिलेलं मिळतं. भांड्याजवळ गप्प बसणं मात्र शिकावं लागतं. आणि बापाला चुलीपासून लांब ठेवणंही.

मला तिने दुसरं काम दिलं. "तुमी पत्रावळी मोजा. ते गणित तुमाले जमन."

नैवेद्य झाला, पंगत बसली. भाजी दुसऱ्यांदाच काय, तिसऱ्यांदा मागितली गेली. देवकाबाईंना शेंगदाण्याचे दोनशे दिले, पुढे कॉलेजात फी भरली. पत्रावळ्या मी चाळीस मोजल्या होत्या, अगदी अचूक. फक्त स्वतःला धरलं नव्हतं! एकेचाळिसावा माणूस पातेल्याच्या झाकणावर जेवला, आणि त्याने दुसऱ्यांदा भाजी मागितली तेव्हा पंधरा तांब्यांतला एक थेंबही उरला नव्हता.