हिराजीदादांचा कान

फोन दादांच्याच नंबरावरून आला, म्हणून मी हसतच उचलला. "बोला दादा, पास की नापास?" पलीकडे घाटातल्या रस्त्यावरचा कोणी अनोळखी माणूस होता. ट्रक चालवणाऱ्या काकांचे तुम्ही कोण, असं त्याने विचारलं... मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. त्याला आता दीड महिना झाला.

हिराजीदादा कळंबोलीतले ट्रक मेकॅनिक, नुसत्या आवाजावरून गाडीची खोट ओळखणारे. जुना ट्रक घ्यायचा तर क्लच आणि गिअरबॉक्स दादांना दाखवायचा, हा आमच्याकडचा रिवाजच. ते सकाळी, गाडी थंड असताना, न कळवता जायचे. आधी बॉनेटवर तळहात ठेवायचे. गरम लागलं तर म्हणायचे, "मालकानं आधीच फिरवून आनलीय. काय तरी लपवतोय." मग हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडायचे. इंजिन बंद पडलं तर खूश, चालूच राहिलं तर क्लचप्लेट घसरतेय, गेलेली. गिअरबॉक्सचं तेल बोटांवर चोळून उन्हात धरायचे, आणि त्यात लोखंडाचा चुरा चकाकला की सरळ स्कूटरला किक मारायचे. माझ्यासाठी पाहिलेले तीन ट्रक त्यांनी असेच नापास केले. मी वैतागायचो. "दादा, तुमच्या पसंतीची गाडी अजून कारखान्यात बनायचीच असेल!" ते हसायचे. "तुला चालवायची हाय ना रं? मग गप बस."

चौथी गाडी मात्र मला काहीही करून हवी होती. तळोज्याच्या एका कंपनीचं काम सोमवारपासून धरायचं होतं, नोकरी सोडून बसलो होतो, घरात कोणी माझ्याशी धड बोलत नव्हतं. त्या सकाळी मी एकटाच गाडी बघायला गेलो. गिअरचा दांडा जुन्या ट्यूबच्या रबरी पट्टीने सीटला बांधलेला होता. उतारावर गिअर आपोआप सुटून गाडी न्यूट्रल होत असेल, तर ड्रायव्हर लोक अशी पट्टी बांधतात. हे दादांनीच मला शिकवलं होतं. मी ती सोडली आणि बाजूच्या नाल्यात टाकली. दादांना बोलावलं ते दुपारी, गाडी चांगली फिरवून आणल्यावर.

"गरम हाय," बॉनेटवर हात ठेवून ते म्हणाले. "ऊन आहे दादा," मी म्हणालो. क्लच ठीक निघाला. तेल नवंकोरं होतं. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये नीट चालली. तरी ते खाली उतरेनात. गिअरच्या दांड्यावर एके जागी रंग घासला गेला होता, तिथे अंगठा फिरवत त्यांनी विचारलं, "सुभाष, हितं रबर बांधलेला होता काय रं?"

"नाही दादा. मी सकाळीच बघितलं ना."

दांड्यावरून अंगठा उचलत ते म्हणाले, "तू बोलतोस तर नसंल. उद्या माल भरून घाटात नेतो. बाजूला कोन नको." तेव्हा मी बोलायला हवं होतं. पण गाडी हातची जाईल ही भीती जास्त होती. रबर होतं म्हणालो असतो, तर ते त्या गाडीत पुन्हा बसलेच नसते.

उतारावर तिसरा गिअर सुटला. भरलेली गाडी मोकळी धावली, ब्रेक तापून निकामी झाले, दादा वाचले नाहीत. आता गॅरेजवाले हळहळतात, "म्हाताऱ्याचा कान गेला होता. एवढी साधी खोट कळली नाय."

परवा कामोठ्याला दादांच्या घरी, वहिनींकडे गेलो होतो. त्यांच्या गॅलरीसमोरच हायवे. चहा देताना खालून एक ट्रक गेला, वहिनी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "प्लेट घसरते त्याची." संध्याकाळी तिथे बसून दादा जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांची दुखणी सांगायचे, ऐकून ऐकून वहिनींनाही सवय लागली आहे. मग कप माझ्या हातात देत त्यांनी विचारलं, "भावजी, लोक बोलतात ते खरं हाय काय? त्यांना ऐकू येत नव्हतं?"

मी चहा संपवला आणि निघून आलो.

वहिनी, दादांच्या कानाला काहीही झालेलं नव्हतं. खोट त्यांना कळली होती, त्यांनी मला नेमकं तेच विचारलं होतं. मी खोटं बोललो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गाडीचं सोडून माणसाचं ऐकलं.