झाकण लावलेला शंकू

मंडळी, नव्वदच्या सुमारास पाचोऱ्याच्या एका शाळेसाठी मी पाइपचं नळकांडं आणि तेवढ्याच तोंडाचा, तेवढ्याच उंचीचा पत्र्याचा शंकू बनवला. त्यापायी अख्खी दिवाळीची सुट्टी गेली, अंगठाही फाटला. तीन शंकू भरून ज्वारी ओतली की नळकांडं काठोकाठ भरायचं. "आता इथं कुणी सूत्र घोकणार नाही," असं मी गावभर सांगत सुटलो होतो.

आज तिथं गेलो. दोन्ही वस्तू कपाटात चकचकीत, पण तोंडं बंद!

"नाना, तपासणीला उघडी भांडी बरी दिसत नव्हती. तेव्हाच झाकणं डकवून रंग मारला," जुने सर कौतुकानं म्हणाले.

वर्गातल्या एका मुलीनं शंकूच्या घनफळाचं सूत्र घडाघडा म्हटलं. मी विचारलं, "बेटा, त्यात एक तृतीयांश का गं?"

"नाना, 'का' परीक्षाले येत नाही."