कोरं जोडकार्ड

वाचनालयातल्या शोकसभेत बाईंच्या फोटोशेजारी एक बोर्ड होता. त्यांच्या विज्ञानकथांचे वाचक त्यावर बाईंची जुनी पत्रं टाचत होते. बाई नेहमी जोडकार्ड पाठवायच्या; अर्ध्यावर त्यांचा मजकूर, अर्धं आपण फाडून उत्तर धाडण्यासाठी. बोर्डावर सगळी अर्धीच कार्डं होती. प्रत्येकानं उत्तर धाडलं होतं.

माझं मात्र खिशात अख्खं होतं.

कॉलेजात असताना मी त्यांना खवचटपणे लिहिलं होतं, "चंद्रावर हवा नाही, मग तुमच्या कथेतल्या म्हातारीची पणती तिथं जळते कशी?" उत्तर आलं, "चूक माझीच. आता तिच्या घरात उजेड कसा आणू, सुचवाल?" चूक काढण्यापलीकडे मला काही येत नव्हतं. मी कार्ड तसंच ठेवून दिलं. लिहिणाऱ्याला चुका दाखवणारे पुष्कळ भेटतात, सोबत बसून विचार करणारे थोडे.

"बाई पुन्हा चंद्राकडे वळल्याच नाहीत, का कोण जाणे," शेजारचे गृहस्थ म्हणाले.

"काका, तुमचं कार्ड?" ग्रंथपाल मुलीनं टाचणी पुढे केली. "अहो, हे अर्धं कोरंच की!"

"असू दे. तसंच लाव," मी म्हणालो.

पंख्याच्या वाऱ्यानं कार्ड उघडलं. कोऱ्या अर्ध्यामागे बाईंच्या अक्षरात त्यांचाच पत्ता होता.