कुंभारणीचं घर

टोकावड्याच्या माळावर पत्र्याची एक शेड होती. शेडमध्ये कमळाकर शेठचं विमान आणि शेडच्याच एका आडोशाला राखणदार सावळारामचं बिऱ्हाड. शेठ लाकडाचा व्यापारी, लिलावांसाठी नागपूरकडे जायचा. एकाच इंजिनाचं, पण भरधाव जाणारं हे विमान त्याने अठ्ठावन्न साली हौसेने घेतलं. हौस दोन पावसाळ्यांत फिटली. उंदरांनी वायरी कुरतडल्या, टायर बसले, तेल गळत राहिलं. जुहूचा मिस्त्री यायचा, उडण्यापुरतं जोडून द्यायचा, मान हलवत निघून जायचा.

"सावळ्या, यापेक्षा हत्ती पाळला असता तर बरं."

"हत्ती शेण तरी देतो, शेठ."

सावळाराम विमान रोज पुसायचा. पुसलेल्यावर धूळ बसायची, तो पुन्हा पुसायचा. पंखाखाली बोटाएवढी एक नळी होती. तिच्यात वारा शिरला की आतल्या काट्यावर वेग दिसे. नळी बुजली तर शेठला वेग कळणार नाही आणि उतरताना जीव जाईल, हे मिस्त्रीने बजावलं होतं. म्हणून नळीला लाल कापडाची टोपी असायची.

एकसष्टच्या फाल्गुनात त्याने टोपी धुऊन वाळत घातली आणि विसरला. कुंभारीण माशीने नळीच्या तोंडात मातीचं घर बांधलं.

ते आधी दिसलं त्याच्या बायकोला, सकुबाईला. लेक यमू बाळंतपणाला आली होती. तिची आधीची दोन पोटातच गेली होती.

"हात लावू नका हां. कुंभारणीनं घर बांधलं म्हंजी घरात पाळना हलनार. मोडलं तर..." सकुबाई म्हणाली.

"अगो, इमान काय आपलं घर हाय?"

"एका पत्र्याखाली ऱ्हातो ना?"

संध्याकाळी एस्टीच्या ड्रायव्हरने निरोप दिला, शेठ उद्या येतोय, नागपूरला जायचंय.

सकुबाई पाण्याला गेली तेव्हा सावळारामने तार घेतली. मातीबरोबर माशीने साठवलेल्या हिरव्या अळ्या पडल्या आणि एक पांढरी, कोवळी, तिचं पिल्लू. त्याने सगळं पायाने मातीत मिसळलं आणि नळीवर टोपी चढवली.

शेठ गेला, आला, तेलावरून कुरकुरला. सावळाराम पुसत राहिला. यमू कण्हली की त्याचा हात थांबायचा.

वैशाखात तिला मुलगी झाली. जिवंत.

पाचवीच्या रात्री सकुबाईने अंधारातच टोपी काढून नळीच्या तोंडाशी ओली हळद थापली, कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी शेठ येणार होता. सावळारामने पुन्हा तार उचलली.

"अवं, घर मोडंल!"

"आतमंदी घर नाय."

"नाय म्हंजी? कवा काहाडलंत?"

"यमू बाळंत व्हायच्या आदी."

आडोशाला पोर रडायला लागलं.

"मंग पोरीला आनली कुनी?"

"यमूनं," तो म्हणाला आणि तारेला चिंधी गुंडाळू लागला.