गोडाऊनचा कोटा आणि चालण्याची नाणी

माझे सासरे तीसेक वर्षं एका साखर कारखान्यात गोडाऊन कीपर होते. निवृत्तीनंतर ते बिद्रीकडचं गाव सोडून कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमच्याकडे राहायला आले. मी त्यांना मामा म्हणतो. हृदयात स्टेंट बसवला तेव्हा डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं. मामा दोन दिवस रंकाळ्यावर गेले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पावणं, काम न्हाय, धंदा न्हाय, तळ्याभोवती नुसतं फिरायचं कशाला?"

म्हणून मी त्यांच्या मोबाईलवर एक ॲप टाकलं. त्यात डिजिटल बुटांचा एक जोड विकत घ्यायचा. मग आपण चालू तशी क्रिप्टोची नाणी, म्हणजे टोकन, खात्यात जमा होतात आणि ती बाजारात विकता येतात. मी कॉलेजात कॉमर्स शिकवतो, पण मला यातलं एवढंच ठाऊक होतं. मामांसाठी एक जोड घेऊन दिला.

मामा चालायला लागले. आठवड्याभरात एका सकाळी घरी येऊन त्यांनी विचारलं, "ही नाणी छापतंय कोण?"

"कुणी चाललं की तयार होतात."

"म्हंजे सगळं कोल्हापूर चालाय लागलं तर ढीग लागंल की. मग भाव कसा ऱ्हाईल?"

मग दोघांनी बसून ॲपच्या कंपनीनं दिलेली माहिती वाचली. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगायचो, मामा डोळे मिटून ऐकायचे. टोकन रोज ठरावीक मिनिटांपुरतीच मिळत. त्यापुढे कितीही चाला, हाती काही नाही. बूट वापरून झिजत, ते दुरुस्त करायला टोकनच मोजावी लागत, आणि अशी खर्च झालेली टोकन कायमची नष्ट केली जात.

मामांनी डोळे उघडले. "कोटा हाय हा. आमच्याकडं सरकार दर म्हैन्याला सांगायचं, एवढीच साखर बाजारात सोडा. गोडाऊन गच्च भरलेलं असलं तरी कुलूप. ज्यानं हे आखलंय त्यो हुशार गडी हाय."

मलाही ती आखणी आवडली. पुढे टोकनचा भाव चढत गेला आणि मला मोह झाला. जास्त जोड घेतले की रोजची मिनिटं वाढत. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली ठेव मोडायचं मी ठरवलं आणि मामांच्या कानावर घातलं. ते नको म्हणाले नाहीत. रोज नवी टोकन किती तयार होतात आणि नष्ट किती होतात, एवढं बघायला त्यांनी सांगितलं. हे आकडे सगळ्यांसाठी खुले होते. मी वाचून दाखवले.

"जास्त कशात नष्ट होत्यात?"

"नवे बूट तयार करण्यात. आधीची माणसं टोकन मोजून नवा जोड तयार करतात आणि विकतात."

"ते बूट घेतंय कोण?"

"नवी येणारी माणसं."

"मग माणसं यायची थांबली की हेबी थांबणार. आधीची तर चालतच ऱ्हाणार. आवक चालू आणि उठाव बंद." ते पुढं म्हणाले, "साखर कमी सोडली की भाव मिळतो, कारण चहा पिणारा कुठंतरी बसलेला असतोय. ह्या टोकनचा चहा कोण पितंय?"

इतकी वर्षं मागणी-पुरवठा शिकवून हा प्रश्न मला पडला नव्हता. ठेव मी तशीच राहू दिली. काही महिन्यांत नवी माणसं खरंच कमी झाली आणि भाव कोसळला. मग कंपनीनं चालण्याची कमाई निम्मी केली, दुरुस्ती महाग केली. रंकाळ्यावर ॲपवाल्यांना शिव्या पडत होत्या. मामा मात्र म्हणाले, "उसाचं गाळप कमी करून साखर कमी काढावी, तसं केलंय. आधीच करायला पायजे हुतं, पर केलं. ह्याला हिंमत लागती." भाव थोडा सावरला, पहिल्याइतका कधीच झाला नाही.

मामांनी चालणं सोडलं नाही. त्या वर्षी मी त्यांना माझ्या वर्गात बोलवलं. ते इस्त्रीचं धोतर नेसून आले आणि फळ्याकडे पाठ करून साखरेचा कोटा, गाळप आणि टोकन यांवर तासभर बोलले. शेवटी एका मुलीनं विचारलं, "आजोबा, मग तुम्ही अजून का चालता?"

मामा म्हणाले, "आता सवय लागली की. आन् डागदरनं एक गोळी बंद केलीया."

पोरं हसली. मामांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. ते पुन्हा गाळपाकडे वळले.