चौक पाहायला गेलेली बाई

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण "साहेब, एखादी केस सांगा ना," असं कोणी म्हटलं की मला सगळ्यांत आधी ती रविवारी हरवलेली बाई आठवते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा नवी मुंबईत फौजदार होतो. नावं कोणाचीच लिहीत नाही. माणसं अजून तिथेच राहतात, त्यांना माझ्या लिखाणाचा ताप नको.

रविवारची दुपार होती. ठाणे अंमलदार स्टेशन डायरी लिहीत होता. पार्किंगवरून भांडलेले एकाच सोसायटीतले दोन गृहस्थ बाकावर एकमेकांकडे पाठ करून बसले होते. तेवढ्यात खांद्याला पाण्याची बाटली, डोक्याला कॅनव्हासची टोपी असे एक गृहस्थ धापा टाकत आत आले.

"साहेब, माझं एक माणूस हरवलं."

हे कॉलेजात इतिहास शिकवायचे. दर रविवारी सकाळी आठ-दहा लोकांना घेऊन बेलापूरच्या बाजूच्या एका जुन्या गावातला चौक फिरून दाखवायचे. वाशी-नेरूळची हौशी मंडळी थोडी फी देऊन यायची.

मला हसू आलं. "अहो सर, नवी मुंबईत जुनं काय दाखवता? इथे सेक्टरच्या पाट्यांचा रंगही अजून ओला आहे."

"तुम्ही कधी गावठाणात पायी फिरलात का?" सर चिडून म्हणाले. फिरलो होतो, पण मारामारीच्या पंचनाम्यालाच.

सकाळी नऊ जण गेले होते, निघताना आठच भरले. हरवलेली बाई कोपरखैरण्याची, पंचेचाळिशीच्या आसपासची. शेजारीण येणार म्हणून तीही आली होती. सरांना तिच्याबद्दल एवढंच आठवत होतं, की तिने सबंध वेळ डोळ्यांवरचा गॉगल काढला नाही आणि एकही प्रश्न विचारला नाही. गावात तासभर शोधलं, दार ना दार विचारलं. कोणी पाहिली नव्हती.

मी वायरलेसवर वर्णन दिलं. शेजारणीने कळवलं म्हणून बाईचा नवराही येऊन पोहोचला. मूळचा साताऱ्याकडचा, बाजारात माथाडी. मुंबईचा बाजार वाशीला आला तेव्हा हेही कुटुंब कोपरखैरण्याला आलं होतं. पहाडासारखा गडी, पण डोक्यावरची टोपी हातात घेऊन पिळत होता.

"आवं सायेब, ती त्या गावात गेलीच कशी?"

हे वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. बायको हरवलेला माणूस 'कुठे गेली' विचारतो. हा 'तिथे कशी गेली' विचारत होता. मी त्याला आतल्या खोलीत घेतलं, चहा मागवला आणि जबाब घ्यायला बसलो. आधी त्याने आढेवेढे घेतले. मग मी जरा आवाज चढवला.

"बाई तुला परत हवी ना? मग पोटातलं ओठांवर आण."

तेव्हा बोलला. "ते तिचं म्हायेर हाय, सायेब."

पंचवीस वर्षांपूर्वी हा त्या बाजूला खडी फोडायच्या कामावर होता. ती खाडीकाठची आगरी पोर. दोघांची जात वेगळी. पळून जाऊन लग्न केलं. त्या वर्षीच तिचा बाप गेला. गाव म्हणालं, पोरीनेच मारला. तिला कळवलंसुद्धा नाही. तिच्या थोरल्या भावाने बापाच्या चितेसमोर तिच्याविरुद्ध शपथ घेतली, एवढं यांच्या कानावर आलं होतं. काय शपथ, ते माहीत नव्हतं. बाजार वाशीला आल्यापासून ती माहेरापासून बसने अर्ध्या तासावर राहत होती, पण त्या दिशेच्या बसमध्ये कधी चढली नव्हती.

"त्यो भाऊ जित्ती सोडायचा न्हाय तिला," असं म्हणून तो रडायला लागला.

माझ्या डोक्यात दुसरीच घंटा वाजली. सरकारने घेतलेल्या जमिनींच्या बदल्यात गावकऱ्यांना तेव्हा भूखंड मिळत होते. वाटा बहिणींचाही असायचा. हक्क सोडल्याची सही बहिणीने द्यावी म्हणून भाऊ साडीचोळी नेत, नाहीतर दमदाटी करत. असे दोन अर्ज माझ्याच टेबलावर पडले होते. पंचवीस वर्षांनी हाती लागलेली बहीण कोंडून ठेवली असेल तर? वेळ घालवून चालणार नव्हतं. पण जीप घेऊन भोंगा वाजवत शिरलो, तर अख्खं गाव दारं लावून घेईल हेही माहीत होतं.

म्हणून मी सरांना म्हटलं, "चला, तुमची फेरी पुन्हा काढा. सकाळी जसं बोललात तसंच बोला. मी नि आमची ही महिला शिपाई, आम्ही तुमचे पाहुणे." नवऱ्याला जीपमध्ये बसवून गावाबाहेर ठेवलं.

साध्या कपड्यांत निघालो. आणि खरं सांगतो, कामावर असूनही मी रमलो. मध्ये पानं झडलेल्या पिंपळाचा पार, एका अंगाला गावदेवीचं देऊळ, पलीकडे दगडी विहीर. अर्धी जमिनीत गेलेली एक तोफ होती, तिला कोणीतरी म्हैस बांधली होती. सर सांगत होते, इथे खाडीचं मीठ मोजायचे, इथून गलबतं भरायची. ज्या चौकातून मी रात्रीच्या अंधारात चार वेळा आरोपी ओढत नेले, तो चौक मला पहिल्यांदाच दिसत होता. मी इतके प्रश्न विचारले की महिला शिपाई हळूच म्हणाली, "साहेब, बाई शोधायचीय ना आपल्याला?" ही रत्नागिरीकडची. जीभ तिखट.

तोफेपाशी सर थांबले. "इथपर्यंत त्या नक्की होत्या." समोरच पानाची टपरी होती. टपरीवाला झोकात गॉगल लावून बसला होता. सर माझ्या कानाशी लागले, "साहेब, तोच गॉगल!"

"काय राव, हिरो दिसताय! कुठून आणला?" मी विचारलं.

"तोफंवर परला व्हता." त्याने घाईघाईने काढून ठेवला.

"आणि बाई?"

"कंची बाई? मी नाय बघितली."

विहिरीवरच्या बायका तेच म्हणाल्या, देवळाचा पुजारीही तेच. सगळ्यांचा जबाब एकाच साच्यातला निघाला की ओळखावं, गावाचं आधीच ठरलंय. पण एक गोष्ट मला खटकली. गाव घाबरलेलं नव्हतं. वाईट काही घडलं की लोक आपल्याला टाळतात, नजर खाली घालतात. इथे बायका पदराआडून हसत होत्या.

पारावर पन्नाशीचा एक माणूस बसला होता. सर म्हणाले, "हे सकाळीही इथेच होते." मी ओळख दिली आणि सरळ नावच विचारलं. नवऱ्याने सांगितलेला तोच थोरला भाऊ निघाला.

"तुमची बहीण गावात आलीय का?"

"मना बहीन नाय. एक व्हती, ती मेली."

"कधी?"

"लय वरसं झाली."

तोंड देवळाकडे, चेहरा दगडासारखा. मी जास्त ताणलं नाही. समोरच त्याचं घर होतं, दार ओढून घेतलेलं. घराची झडती घ्यायची तर शेजारचे पंच बोलवावे लागणार होते. त्याची मी मनात जुळवाजुळव करत होतो, तोच दार थोडं किलकिलं झालं. एक बाई ताट घेऊन बाहेर आली, पारावर आली आणि त्याच्यापुढे ठेवून तांब्या घेऊन उभी राहिली. त्याची बायको. ताटात भात, कालवण आणि तळलेली बोंबलाची जोडी. तो तिथेच, उन्हात, मांडी घालून जेवायला लागला.

मी शिपाईबाईला विचारलं, "नवरा-बायकोचं भांडण?"

"छ्या! भांडलेली बायको ताट आणून देईल? वर तळलेलं? आणि पाणी घेऊन उभी राहील?" ती म्हणाली. "साहेब, रविवारचं म्हावरं शिजलंय, घर दहा पावलांवर आहे, आणि हा बाबा भर उन्हात पारावर जेवतोय. ह्याला घरात जायचं नाहीये."

मी त्याचं जेवण होऊ दिलं. हात धुतल्यावर शेजारी जाऊन बसलो.

"दादा, चितेसमोर तुम्ही काय बोलला होतात?"

तो दात कोरत म्हणाला, "बोललो, तिच्या संगती एका छपराखाली कवा बसनार नाय."

"मग आता?"

"आता काय? ती छपराखाली हाय. मी भाईर हाय."

इतक्या वर्षांत असा जबाब कोणी दिला नव्हता. शपथ मोडली नाही आणि बहिणीला हाकललंही नाही.

मी आत गेलो. खाटेवर म्हातारी आई पडलेली, आणि ती बाई तिच्या उशाशी बसून भात कालवून भरवत होती. म्हातारीला काळवेळेचं भान राहिलं नव्हतं. मुलगी मिठागरावरून आज जरा उशिरा आली, एवढंच ती धरून बसली होती आणि त्याबद्दल तिला फैलावर घेत होती. लेक रडत होती नि हसत होती.

मला पाहून ती उठली. "सायेब, नुसतं घर बघायचं हुतं. म्हनलं, पाव्हन्यांच्या घोळक्यात कोन वळखतंय? पैसं भरून म्हायेर बघाया आले मी." तोफेपाशी डोळे पुसायला गॉगल काढला आणि तिथेच वहिनीने ओळखलं. हात धरून ओढतच आत नेलं. 'कुणाला सांगाल तर बघा,' असा दम वहिनीनेच साऱ्या चौकाला भरला होता. भाऊ दारात आला, एकदा पाहिलं, आणि चप्पल घालून पारावर जाऊन बसला.

"सहीबिही मागितली का कोणी?" मी विचारलंच. पोलीस शेवटी पोलीसच.

"कसली सही?" वहिनी कडाडली. "पोरीला दोन घास तरी खाऊ द्या आदी!"

माझा चेहरा पडला. इतकी शरम मला वरिष्ठांपुढेही कधी वाटली नव्हती. मी नवऱ्याला बोलावून घेतलं. तो बिचारा उंबऱ्याबाहेर हात जोडून उभा राहिला. ऊन कलल्यावर वहिनीने ओटी भरली आणि बाई बाहेर आली. भाऊ पारावर उठून उभा राहिला, तोंड देवळाकडेच.

"साहेब," तो मला म्हणाला, "तिला सांगा, आयशीचं आता जास्त नाय. रोज येवाचा तर येव दे. मी हितं बसंन."

ती तीन हातांवर उभी होती. तीही मलाच म्हणाली, "सायेब, त्याला सांगा, उन्हात बसू नगो म्हनावं."

मी काय सांगणार? दोघांनी सगळं ऐकलं होतं. मिसिंगच्या रजिस्टरला 'व्यक्ती मिळून आली, तक्रार नाही' असं लिहून मी केस बंद केली.

पण माझं कुतूहल काही बंद होईना. मी त्या बाजूला गेलो की चौकात डोकावायचो. ती रोज यायची, तो रोज पारावर. पावसाळ्यात छत्री घेऊन बसायचा. सरांच्या फेरीतली मंडळी विचारायची, हे छत्रीवाले काका कोण? सरांनी मला विचारलं, काय सांगू? मी म्हटलं, सांगा की ते घराचे मालक आहेत.

त्या केसने मला एक शिकवलं. 'माझं त्या माणसाशी काही नातं नाही,' असं कोणी म्हणालं तर जबाब जसाच्या तसा लिहून घ्यावा, पण तेवढ्यावर विसंबू नये. तो कुठे बसतो, कुठे जेवतो, कोणासाठी जागा सोडतो, हे बघावं. पुढे कितीतरी घरगुती तंट्यांत मी आधी तेच बघत गेलो आणि बहुतेक वेळा फसलो नाही.

पुढचं मला तिच्या नवऱ्याने बाजारात भेटल्यावर सांगितलं. आई गेली त्या सकाळी भाऊ स्वतः कोपरखैरण्याला आला. जिना चढला नाही. बिल्डिंगखाली मोकळ्यावर उभा राहिला आणि वर बघून त्याने बहिणीला तिच्या माहेरच्या नावाने हाक मारली. लग्नात नाव बदललेलं, त्यामुळे ते नाव तिथे कोणाला माहीतच नव्हतं. गॅलरीतल्या बायका त्याला समजावत होत्या, दादा, तुम्ही चुकलात, या नावाचं इथे कोणी राहत नाही. तो ऐकेना, हाका मारतच राहिला. आणि ती हातातलं टाकून, अनवाणी, जिना उतरत होती.